घरच्या खोलीतून निघालेली गाणी
(आकाशवाणीवरून दिलेले भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. ज्याचे सारे आयुष्य भंडारा जिल्ह्यातील शाळांतून खडू-फळ्यापाशी गेले आणि ज्याचे संगीताचे ज्ञान प्रार्थनेच्या पेटीपलीकडे फारसे गेले नाही, अशा एका सेवानिवृत्त शिक्षकाने गोव्यातील एका रॉक गायकाविषयी बोलावे, हा अव्यापारेषु व्यापार आहे, असे कोणी म्हटल्यास मी रागावणार नाही. परंतु मला बोलावयाचे आहे ते रॉक संगीताच्या गुणदोषांविषयी नव्हे. माझा प्रश्न साधा आहे. कोणत्याही कंपनीच्या दारात खोळंबून न राहता, आपल्याच घरात बसून, एका मनुष्याने गाण्यांची ध्वनिफीत तयार करावी आणि ती लोकांपर्यंत पोहोचवावी, हे कसे शक्य झाले? आणि हे शक्य आहे असे ज्यांस वेळेवर कळले नाही, त्यांनी काय गमावले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुर्दैवाने माझ्याच घरातील आहे. ते मी शेवटी सांगेन.

प्रथम पूर्वीची व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या देशात ग्रामोफोनच्या ध्वनिमुद्रणास १९०२ साली कलकत्त्यास आरंभ झाला. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे तबकडीचे राज्य चालले. तबकडी काढावयाची म्हणजे गायकाने एकदा गायिले की काम संपले, असे नसे. मूळ मुद्रणावरून धातूचा ठसा तयार करावयाचा, त्या ठशाने यंत्रात तबकड्या दाबून काढावयाच्या, असा तो सारा कारखानदारीचा मामला असे. पहिली तबकडी हाती येईपर्यंत बहुतेक खर्च होऊन गेलेला असे. पुढच्या तबकड्या मात्र थोडक्या पैशांत निघत. ज्या मालाचा पहिला नग फार महाग आणि हजारावा नग अगदी स्वस्त, तो माल हजारांनी खपणार असेल तरच कारखानदार त्यास हात घालतो. म्हणून "तुमचे गाणे चांगले आहे काय?" यापेक्षा "तुमचे गाणे किती खपेल?" हाच प्रश्न कंपनीस आधी विचारावा लागे. यात दुष्टपणा नव्हता. तो हिशेबच तसा होता. परंतु या हिशेबात लहान प्रदेशाचे, लहान बोलीचे, लहान समाजाचे गाणे सहसा बसत नसे.

हा हिशेब बदलला तो कॅसेटने. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट प्रथम जगापुढे मांडली. हातात मावणारी ती प्लॅस्टिकची डबी आपल्या चांगल्याच परिचयाची आहे. त्या डबीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंदीची फीत असते आणि ती सेकंदास पावणेपाच सेंटिमीटर या गतीने पुढे सरकते. तबकडी व फीत यांतील महत्त्वाचा भेद असा की, फितीची प्रत करावयास कारखाना लागत नाही. दोन यंत्रे शेजारी ठेवली की एका फितीवरून दुसरी उतरते. दहा प्रती हव्या असतील तर दहाच कराव्या, त्या संपल्या म्हणजे आणखी दहा कराव्या. पहिल्या नगाचा डोंगराएवढा खर्च येथे नाहीसा झाला. १९८० नंतरच्या दशकात आमच्या खेडोपाडीही टेपरेकॉर्डर दिसू लागले, आणि ज्याच्या घरी ते यंत्र, त्याच्या घरी एक लहानसा छापखानाच आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु छापखाना आला तरी मजकूर कोण जुळविणार? रॉक संगीत म्हणजे विजेचे गिटार, ढोल, खर्जाचे गिटार, गायक आणि त्यास साथ देणारे गळे, असा चार-पाच जणांचा मेळ. घरी एकटा बसलेला मनुष्य हा मेळ कोठून आणणार? ही अडचण दूर करणारे एक यंत्र जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ साली बाजारात आणले. त्याचे तत्त्व मी माझ्या पद्धतीने, वहीच्या उदाहरणाने सांगतो.

इंग्रजी अक्षर वळावे म्हणून आपण मुलांस चार रेघी वही देतो. समजा, कॅसेटची फीत ही तशी चार रेघांची वही आहे. नेहमीच्या यंत्रात या चारांपैकी दोन रेघा एका बाजूसाठी व दोन दुसऱ्या बाजूसाठी राखलेल्या असतात; म्हणून तर आपण कॅसेट उलटी करून लावतो. नव्या यंत्राने असे केले की, चारही रेघा एकाच दिशेने वापरावयाच्या आणि प्रत्येक रेघेवर वेगवेगळ्या वेळी लिहावयाचे. पहिल्या रेघेवर गिटार वाजवून ठेवावे. मग फीत मागे न्यावी, ते गिटार हेडफोनने कानात ऐकत ऐकत दुसऱ्या रेघेवर ताल धरावा. पुन्हा मागे जाऊन, दोन्ही ऐकत, तिसऱ्या रेघेवर बासरी वाजवावी, चौथीवर गावे. अखेरीस चारही रेघा एकदम वाचल्या की ऐकणारास वाटते, चौघेजण एकत्र बसून गात-वाजवीत आहेत. आणि प्रत्यक्षात तो असतो एकटाच!

आता कोणी विचारील, चारांहून अधिक वाद्ये हवी असतील तर? त्यावरही तोड आहे. तीन रेघांवरचा मजकूर एकत्र करून चौथ्या रेघेवर उतरवावा आणि त्या तीन रेघा पुसून पुन्हा वापरावयास घ्याव्या. परंतु यास किंमत द्यावी लागते. दर वेळी उतरविताना फितीची मूळची सळसळ वाढत जाते, जसे नकलेवरून नक्कल करिताना अक्षर पुसट होत जाते तसे. शिवाय एकदा एकत्र झालेले पुन्हा वेगळे करिता येत नाही. बासरी मोठी झाली असेल तर ती तशीच राहते. सळसळ कमी व्हावी म्हणून या यंत्रात फीत दुप्पट वेगाने पळवीत. त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अवघे पंधरा मिनिटांचे काम मावे. तेव्हा घरचे ध्वनिमुद्रण म्हणजे आळशी माणसाची सोय, असा समज कोणी करून घेऊ नये. येथे प्रत्येक पाऊल आधी योजून टाकावे लागते.

या यंत्राचे सामर्थ्य जगास कळले ते १९८२ साली. अमेरिकेतील प्रसिद्ध गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी न्यू जर्सीतील आपल्या घरी बसून अशा यंत्रावर काही गाणी नमुन्यादाखल घेतली होती. पुढे तीच गाणी सगळ्या वाद्यवृंदानिशी नीट मुद्रित करण्याचा प्रयत्न झाला. पण घरच्या फितीतील एकाकीपणा त्यात उतरेना. अखेर ती घरगुती फीतच 'नेब्रास्का' या नावाने प्रसिद्ध करण्यात आली. मात्र स्प्रिंगस्टीन यांच्या पाठीशी मोठी कंपनी होती. ज्याच्या पाठीशी कोणी नाही, अशा मनुष्याची कथा आपल्या शेजारच्या गोव्यात घडली.

त्या मनुष्याचे नाव रेमो फर्नांडिस. त्यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी पणजीस झाला. घराणे बार्देशातील शिवोली गावचे. गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. म्हणजे कोंकणी मांडो, पोर्तुगीज गाणी आणि परदेशातून येणारे नवे रॉक संगीत, या तिन्हींचे संस्कार एकाच बालपणात झालेली ती पिढी. मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले, परंतु घरे बांधण्यात मन रमले नाही. काही वर्षे युरोपात भटकून, तेथील वादकांबरोबर वाजवून, ते पुन्हा शिवोलीस परतले. गिटार आणि बासरी ही दोन्ही वाद्ये त्यांच्या हातची. आणि गाण्याचा विषय म्हणजे आपला गोवा. भाषा इंग्रजी, घाट रॉकचा, आणि आत माणसे गोव्याची, असा तो प्रकार होता.

मुंबईच्या कंपन्यांस तो रुचला नाही. हिंदी चित्रपटाच्या गीतांवर चालणाऱ्या धंद्यात, गोव्याविषयी इंग्रजीत गाणाऱ्या मनुष्याचा खप कोणी कसा मोजावा? मघाशी सांगितलेला हिशेब येथे आडवा आला. तेव्हा रेमो यांनी शिवोलीच्या घरीच चार मार्गांचे कॅसेट यंत्र मांडले. गाणी त्यांनीच रचली, चाली त्यांनीच बांधल्या, वाद्ये त्यांनीच वाजविली, मुख्य गळा त्यांचा आणि साथीचे गळेही त्यांचेच. मुद्रणही त्यांचे, वेष्टनावरील चित्रही त्यांचे. १९८४ साली 'गोवन क्रेझी' ही ध्वनिफीत अशा रीतीने तयार झाली. आता राहिली विक्री. तीही त्यांनीच केली. आपल्या पिवळ्या स्कूटरवरून गावोगावच्या दुकानांत प्रती नेऊन पोहोचविल्या.

या स्कूटरकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. नवीन यंत्राचे कौतुक सर्वजण करितात. पण त्या यंत्राने गाणे केवळ तयार होते, ते ऐकणारांच्या घरी आपल्या पायांनी चालत जात नाही. गाणारा मनुष्य दुकानदारापुढे पिशवी घेऊन उभा राहण्यास सहसा लाजतो. तेथे आपली विद्या कमी झाली असे त्यास वाटते. रेमो यांनी ती लाज बाळगली नाही. १९८५ साली जुन्या गोमंतकीय गीतांची 'ओल्ड गोवन गोल्ड', १९८६ साली 'पॅक दॅट स्मॅक' आणि १९८७ साली 'बॉम्बे सिटी' अशा त्यांच्या ध्वनिफिती एकामागून एक आल्या. यांतील 'पॅक दॅट स्मॅक' हे नाव तरुणांस ग्रासणाऱ्या गर्दच्या व्यसनाविरुद्ध आहे. १९८७ साली 'जलवा' या हिंदी चित्रपटातून त्यांचा आवाज देशभर गेला, आणि ज्या धंद्याने पूर्वी दार लावले होते त्यानेच ते उघडले. २००७ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कंपनीचा दरवाजा हा केवळ अडथळा नसतो. तो चाळणीही असतो. प्रत्येकजण घरी बसून ध्वनिफिती काढू लागला तर बाजारात कोंड्याचाच ढीग होईल. हे खरे आहे, आणि तसे झालेही. परंतु चाळणीची भोके कोणी पाडली, हेही पाहावे लागते. खपाच्या मापाने पाडलेल्या भोकांतून कोंडा खाली जातो तसे काही टपोरे दाणेही जातात. शिवाय ज्याने घरी बसून काम केले, त्याची चाळणी त्यालाच व्हावे लागते, आणि ती चाळणी फार कठोर असते. रेमो यांच्यामागे अनेक वर्षांची साधना होती, म्हणून त्यांच्या घरच्या फितीस मोल आले. यंत्राने साधनेची सूट मिळत नाही. परवानगीची तेवढी मिळते.

आता माझ्या घरची गोष्ट. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत असे खेळ होतात. १९८५ च्या दिवाळीत वैनगंगेकाठच्या एका गावी मी नोकरीस होतो. तेथील खडी गंमतीचे एक वृद्ध शाहीर माझ्याकडे आले. मी नुकताच टेपरेकॉर्डर घेतला होता, ही वार्ता त्यांच्या कानी गेली होती. ओसरीवर बसून, डफ आणि तुणतुण्याच्या साथीने, त्यांनी तासभर आपली स्वतःची कवने म्हटली. मी ती उतरवून घेतली. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "गुरुजी, हे मुंबईच्या कंपनीले पसंद पडल का जी?" मी शहाणपणाने उत्तर दिले, "बाबाजी, कंपनी असले घेत नाही." ते हसले आणि डफ काखेत मारून निघून गेले.

कॅसेटच्या पाठीमागे दोन चिमुकल्या पाकळ्या असतात. त्या मोडून टाकल्या म्हणजे त्या कॅसेटवर पुन्हा काही उतरवता येत नाही. आतले सुरक्षित राहते. हे मला ठाऊक होते. मी त्या मोडल्या नाहीत. पुढच्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींच्या नृत्यासाठी एक चित्रपटगीत हवे होते, कोरी कॅसेट घरात नव्हती. मी शाहिरांची कॅसेट लावली आणि तिच्यावर ते गीत उतरविले. १९८८ साली माझ्या मावसभावाने गोव्याहून 'गोवन क्रेझी' आणून दिली आणि ती घरी बसून कशी तयार झाली हे सांगितले, तेव्हा माझ्या मनात प्रथम आले ते शाहिरांचे तोंड. कंपनीची गरजच नव्हती. दहा प्रती काढून मंडईच्या दुकानात ठेवणे माझ्या हाती होते. पण तोवर शाहीर वारले होते, आणि त्यांची कवने कोणी लिहून ठेवलेली नव्हती.

श्रोतेहो, आज प्रत्येकाच्या खिशात जो फोन आहे, त्यात चारच काय, कितीतरी रेघांची वही सामावलेली आहे. सळसळ नाही, फीत संपण्याची भीती नाही. तेव्हा तुमच्या घरी ओव्या म्हणणारी आजी असेल, भजनात पखवाज धरणारे काका असतील, स्वतःची गाणी रचणारा मुलगा असेल, तर एवढे करा. पंखा बंद करून, दारेखिडक्या लावून, भिंतीवर एखादी गोधडी टांगा, म्हणजे खोली घुमणार नाही. फोन गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. आरंभी गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख स्पष्ट उच्चारा. झालेल्या मुद्रणाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा. ते प्रसिद्ध करावयाचे तर गाणाऱ्याची संमती घ्या, आणि चार पैसे मिळाले तर ते आधी त्याच्या हाती द्या.

आणि कोणी विचारले की, "हे मोठ्या कंपनीस आवडेल काय?" तर मी दिले तसे उत्तर देऊ नका.