क्यू हवा, यू नको

पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द हवा. त्यात क्यू असावा, पण यू नसावा. एवढं सांगितलं की मोबाइलवरचं ॲप पापणी लवायच्या आत यादी समोर ठेवतं. ‘हे एआयमुळे शक्य झालं का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. हल्ली मिक्सरवरही एआयचा शिक्का असतो, तेव्हा शंका रास्त आहे. उत्तर ‘नाही’ असंच आहे. फक्त त्या ‘नाही’ला एक गमतीदार शेपूट आहे.

आधी यादी तर बघा. फकीर, तलाक, निकाब, कनात! स्क्रॅबलच्या कोशात हे चारही शब्द क्यू घालून लिहिलेले सापडतात, आणि दहा गुणांचा क्यू हातात अडकून बसलेल्या खेळाडूला तारतात. यातली कनात तंबूची नव्हे. ती जमिनीखालून उताराने पाणी आणणारा बोगदा. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बांधलेली नहर त्याच कुळातली.

हे शोधायला अक्कल लागत नाही. प्रत्येक शब्दामागे २६ खाने ठेवायचे. जे अक्षर आहे त्याच्या खान्यात १, बाकी ०. क्यूच्या खान्यात १ आणि यूच्या खान्यात ० असलेले शब्द उचलायचे, लांबी पाच आहे का ते पाहायचं, संपलं. लाखभर शब्दही फोन असे क्षणात चाळतो. बुद्धी लागते ती दुसरीकडे. २०२१मध्ये ‘वर्डल’ हा खेळ लोकांपुढे आला, त्याआधी तो बनवणाऱ्या जॉश वॉर्डल यांच्याकडे पाच अक्षरांचे सुमारे १२ हजार शब्द होते. त्यातले बरेचसे कुणी कधी ऐकलेलेही नव्हते. त्यांची जोडीदार पलक शाह हिने ते एकेक करून पाहिले, ओळखीचे ठेवले आणि सुमारे अडीच हजार उरले. खेळ कुणालाही खेळता यावा असा झाला तो या निवडीमुळे.

आता शेपूट. दुसरं अक्षर आर, शेवटचं ई आणि मध्ये काहीही, अशी अट आली की २६ खाने पुरत नाहीत. नमुना लिहावा लागतो. कुठल्याही अक्षरासाठी टिंब, पुनरावृत्तीसाठी तारा. संगणकवाले याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, लाडाने रेजेक्स. आणि तो तारा आला आहे मेंदूच्या गणितातून!

१९४३मध्ये वॉरन मॅककलक आणि विशीच्या आसपासचा, पदवी नसलेला वॉल्टर पिट्स यांनी मज्जापेशीचं एक साधं प्रतिरूप मांडलं: पेशी एकतर पेटते किंवा पेटत नाही. १९५१च्या उन्हाळ्यात तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी कॅलिफोर्नियातल्या रँड संस्थेत होते. त्यांना प्रश्न पडला, अशा पेशींचं जाळं, म्हणजे न्यूरल नेटवर्क, संकेतांच्या कोणत्या माळा ओळखू शकेल? उत्तर इतकं नेटकं निघालं की ते वाचताना आजही मजा येते. एकापुढे एक ठेवणं, दोहोंतून एक निवडणं आणि हवं तितक्या वेळा पुन्हा करणं, या तीन क्रियांतून ज्या माळा बनतात, नेमक्या तेवढ्याच. पुनरावृत्तीची खूण म्हणजे आपला तारा.

क्लेनींचा यावरचा निबंध १९५६मध्ये ‘ऑटोमाटा स्टडीज’ या ग्रंथात छापून आला. संपादक क्लॉड शॅनन आणि जॉन मॅकार्थी. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव देणारे तेच मॅकार्थी. ग्रंथातल्या लेखांत बुद्धिमत्तेबद्दल फारसं काही नाही म्हणून ते खट्टू झाले होते. न्यूरल नेटवर्कवरचा निबंध, एआयचं बारसं करणारा संपादक, आणि हाती आलं काय, तर शब्द शोधायचं एक बिनडोक हत्यार! न्यूरल नेटवर्कचा इतिहास सांगताना मॅककलक-पिट्स हमखास येतात; क्लेनींना मात्र त्या पंगतीत पाट मिळत नाही.

हत्याराला धार लावली केन थॉम्पसन यांनी, १९६८मध्ये, अवघ्या चार पानांच्या निबंधात. त्यांची युक्ती पटावर मांडून पाहा. नमुन्यातली प्रत्येक जागा म्हणजे एक घर, शब्दातलं प्रत्येक अक्षर म्हणजे एक डाव. डाव पडला की ज्या सोंगट्यांना त्या अक्षराने पुढे जाता येतं त्या सगळ्या एकदम सरकतात. वाट फुटली तर एकीच्या दोन होतात. वाट नसलेली मरते. दोघी एकाच घरात आल्या तर एकच ठेवायची. शब्द संपताना एखादी सोंगटी शेवटच्या घरात असली की शब्द पास. सोंगट्या घरांपेक्षा जास्त कधीच होत नाहीत आणि मागे फिरायचं तर नावच नाही. १९७३मध्ये युनिक्स या संगणकप्रणालीत आलेला थॉम्पसन यांचाच ‘ग्रेप’ हा प्रोग्राम आजही नमुने शोधतो आहे.

एवढी सुंदर पद्धत हाताशी असताना नंतरच्या कित्येक संगणकभाषांनी ती सोडली, हे मला अजून पचत नाही. त्या एक वाट धरतात, फसली की मागे येऊन दुसरी धरतात. साध्या नमुन्याला हे चालतं, पण ताऱ्यामागून तारे आले की वाटा बेसुमार वाढतात. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीने असाच एक नमुना आपल्या सर्व्हरवर चढवला. प्रोसेसर त्यातच गुंतून पडले आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या जगभरच्या वेबसाइट २७ मिनिटं कोलमडल्या. त्यानंतर कंपनीने मागे न फिरणाऱ्या इंजिनाकडे वळायचं ठरवलं.

मराठीत हाच शब्द शोधायचा खेळ करायला गेलात तर साधं टिंबच दगा देतं. पाच टिंबांचा नमुना ‘मराठी’ला बिनदिक्कत आत घेतो, कारण काना आणि वेलांटी संगणक स्वतंत्र मोजतो. ‘स्त्री’ त्याच्या लेखी सहा चिन्हांची: स, त, र, मध्ये दोन हलन्त आणि शेवटी वेलांटी. देवनागरी जोडाक्षर एकसंध मोजावं असा नियम संगणकावरच्या लिप्यांचं प्रमाण असलेल्या युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३मध्ये आला. ज्या प्रोग्रामने तो अजून उचललेला नाही, त्याने चिन्हांऐवजी अक्षरं मोजायची म्हटली तरी ‘स्त्री’चे तीन तुकडे होतात: स्, त्, री.