एकवीस लेपांचा धागा

उल्हासनगर कॅम्प ५ मधल्या शिलाई कारागिराचा दिवस मशीनवर बसून जातो. जीन्सचं जाड कापड, पायाखाली मोटर, समोर तुकड्यांचा ढीग. अशा माणसाला गुदद्वाराजवळ गळू झालं, फुटलं, बरं झालंसं वाटलं आणि महिनाभरात पुन्हा भरलं, की बसणंच नकोसं होतं. घरात सांगवत नाही. पू लागलेले कपडे गुपचूप धुतले जातात. मेडिकलमधून गोळ्या आणल्या जातात, ठणका तेवढा थांबतो. आतून बाहेरपर्यंत तयार झालेली नळी मात्र तशीच राहते. हे भगंदर. यात दुखण्यापेक्षा लाज जास्त, म्हणून माणूस ते वर्ष वर्ष अंगावर काढतो.

लोकलच्या डब्यात त्याला चिकटपत्रकं दिसतात : मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन, एका इंजेक्शनात खात्रीशीर. तिथे गेलेल्यांचे पैसे जातात आणि कधी नळीला नवे फाटेही फुटतात. त्याच लोकलने दादरला उतरून वरळीला गेलं, तर डॉ. अॅनी बेझंट रोडवर म. आ. पोदार रुग्णालय आहे. त्याला जोडलेलं रा. आ. पोदार आयुर्वेद महाविद्यालय १९४१ मध्ये सुरू झालं. वैद्यांच्या नोंदणीसाठी मुंबई प्रांतात १९३८ साली कायदा झाला होता आणि आयुर्वेदाचं शिक्षण गुरूच्या घरातून वर्गात, रुग्णालयात येत होतं, तो हा काळ. ज्या कॅम्पातून हा कारागीर येतो, ती कल्याणजवळची लष्करी छावणीही त्याच सुमाराची. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं.

पोदार आज सरकारी रुग्णालय आहे. खिडकीवर केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं, नंबर आला की आत जायचं. पंचकर्माकडे जाणारी गर्दी वेगळी आणि शल्यतंत्राच्या दारापाशी अवघडून उभी असलेली माणसं वेगळी. एरवी आयुर्वेद म्हटलं की लोकांना तेल, काढा, शिरोधारा आठवते. शल्यतंत्रातलं महत्त्वाचं हत्यार मात्र एक धागा आहे. त्याचं नाव क्षारसूत्र.

हा धागा बनताना पाहावा. रुग्णालयांत वापरला जाणारा जाड लिननचा सर्जिकल धागा, २० नंबरचा, एका चौकटीवर ताणून बांधतात. सकाळी काटेरी थोराची फांदी कापून तिचा चीक गोळा करतात. हातमोजे हवेतच, कारण तो डोळ्यात गेला तर डोळा सुजतो. चीक लवकर घट्ट होतो, म्हणून ताजा असतानाच गॉजच्या बोळ्याने तो धाग्याच्या टोकापासून टोकापर्यंत सारखा फिरवायचा. मग चौकट बंद कपाटात वाळत ठेवायची. दुसऱ्या दिवशी दुसरा लेप. असे नुसत्या चिकाचे अकरा. पुढचे सात लेप चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे : ओल्या धाग्यावर क्षाराची पूड चढवायची. शेवटचे तीन चीक आणि हळदीचे. एकूण एकवीस, साधारण दिवसाला एक. म्हणजे एक धागा तयार व्हायला जवळजवळ महिना जातो आणि पावसाळी हवेत वाळायला उशीर झाला तर त्याहून जास्त. घाई करून जाड लेप दिला तर तो सुकल्यावर तडकून गळतो.

क्षाराचं काम त्याच्याही आधीचं. मंगळागौरीच्या पत्रीत असतो तोच आघाडा मुळासकट उपटून वाळवतात, जाळतात, राख सहापट पाण्यात कालवून ठेवतात. वरचं पाणी फडक्यातून पुन्हा पुन्हा गाळतात. ग्रंथ एकवीस वेळा सांगतात. मग ते आटवलं की तळाशी पांढरट पूड उरते. ती तीव्र अल्कली असते. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, तसा क्षारावर हळद चढताच पांढुरका धागा पिवळसर तांबूस होतो. तयार धागा काचेच्या नळीत सीलबंद करतात, कारण क्षार हवेतली ओल ओढतो आणि ओलावलेला धागा काम करत नाही.

ही युक्ती जुनी आहे. सुश्रुताने नाडीव्रणासाठी, म्हणजे पू वाहणाऱ्या नळीसाठी, क्षारसूत्र सांगितलं, अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्ताने चीक आणि हळदीचा धागा सांगितला. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या ग्रंथांत घोड्याचा केस गुंडाळलेला धागा भगंदरात ओवायची कृती आहे. पण ग्रंथात असणं वेगळं आणि हाताला येणं वेगळं. मधल्या काळात ही कला मागे पडली होती. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धाग्याची कृती ठरवली, लेपांची संख्या पक्की केली, रुग्णांवर वापरून नोंदी ठेवल्या. आज देशभर वापरला जाणारा धागा त्या कामातून आलेला आहे.

आता शस्त्रक्रियेच्या टेबलावर. कमरेखालचा भाग बधिर करतात. बाहेरच्या तोंडातून लवचीक शलाका हळूच आत सरकते. दुसऱ्या हाताचं बोट गुदमार्गात असतं, तिचं टोक कुठे लागतंय ते चाचपत. इथे जोर करणारा हात धोक्याचा, कारण शलाका नसलेली वाट पाडू शकते. आतलं तोंड सापडलं की तिच्या नेढ्यातून धागा ओढून घेतात आणि दोन्ही टोकं बाहेर बांधतात. पहिल्या दिवशीचं काम एवढंच.

खरं काम पुढच्या आठवड्यांत चालतं. क्षार नळीचं सडलेलं अस्तर खातो, गाठीचा ताण मांस सावकाश कापत येतो, आणि धागा पुढे सरकतो तसं मागचं भरत येतं. गुदाचा आवळणारा स्नायू एका फटक्यात कापला तर मळावरचा ताबा जाण्याची भीती असते. इथे तो इतक्या सावकाश कापला जातो की त्याला जुळून यायला वेळ मिळतो.

दर आठवड्याला माणूस ‘धागा बदलायला’ येतो. जुन्या धाग्याच्या गाठीशी नवा बांधायचा, जुना ओढायचा, नवा त्याच्या मागोमाग वाटेत बसतो. क्षण दोन क्षणांचं काम, पण त्या दिवशी आग होते, काहींना फार होते. कोमट पाण्याच्या टबात बसलं की बरं वाटतं. निघालेला धागा फेकायच्या आधी पट्टीवर मोजतात आणि केसपेपरवर लिहितात. सहा सेंटिमीटर, पाच, चार. साधारण आठवड्याला एक सेंटिमीटर, कुणाचा वेग कमी, कुणाचा जास्त. आपण किती बरे झालो हे रुग्णाला आकड्यात दाखवणारे उपचार फार नाहीत. मधल्या दिवसांत बहुतेक जण चालतात, कामावरही जातात. पोट साफ राहावं म्हणून औषध आणि जेवणाचं पथ्य तेवढं असतं.

क्षारसूत्राचा दावा नुसत्या परंपरेवर उभा नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने चार केंद्रांवर क्षारसूत्र आणि शस्त्रक्रिया यांची तुलना केली आणि निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ पाठपुरावा झालेल्या रुग्णांत भगंदर पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण क्षारसूत्रानंतर ४ टक्के होतं, शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के. भरून यायला मात्र क्षारसूत्राला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेला चार. दोन्ही आकडे एकत्र सांगायला हवेत. ज्याला रोजंदारी सोडून दर आठवड्याला कॅम्प ५ ते वरळी करायचं आहे, त्याच्यासाठी ते जास्तीचे चार आठवडे मोठे असतात. अर्ध्यावर धागा सोडणारे असतात ते याच खर्चापायी. म्हणून ही सोय कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातल्या सरकारी दवाखान्यांतही व्हायला हवी.

प्रत्येक भगंदर धाग्याने सुटतं असंही नाही. क्षयरोगामुळे किंवा आतड्याच्या क्रोन आजारामुळे झालेली नळी वेगळी. तिथे मूळ रोगाचा उपचार आधी. म्हणून चांगला शल्यवैद्य आतल्या मांसाचा तुकडा तपासायला पाठवतो, रक्तातली साखर बघतो, गुंतागुंतीच्या नळीसाठी एमआरआय मागवतो. हे सांगणारा वैद्य आपल्याला परत पाठवतोय असं रुग्णाने वाटून घेऊ नये.

तेव्हा वारंवार फुटणारं गळू असेल तर ते लपवू नका आणि मलमावर दिवस काढू नका. मान्यताप्राप्त रुग्णालयात जा, धागा टाकणाऱ्याची पदवी विचारा, धागा कुठे तयार होतो ते विचारा, मधुमेह असेल तर आधी सांगा. आणि एकदा धागा पडला की तो पूर्ण बाहेर येईपर्यंत एकही आठवडा चुकवू नका.