ठासणीची, बोल्टची आणि अर्धस्वयंचलित

शिकारीस बोल्टची रायफल श्रेयस्कर की अर्धस्वयंचलित, हा विलायती शिकाऱ्यांचा वाद मालवणच्या शेतकऱ्यापुढे सहसा उपस्थितच होत नाही. कारण हौसेची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनी निषिद्ध ठरविली असून, रानडुकरांच्या धास्तीने ज्याने शेतीसंरक्षणाचा परवाना मिळविला, त्याच्या हाती बहुधा ठासणीचीच बंदूक असते, जिच्यात दारू व छरे नळीच्या तोंडातून गजाने ठासावे लागतात, आणि पहिला बार चुकला तर डुक्कर दुसऱ्याची प्रतीक्षा करीत नाही. (निवडणूक आली की तीही ठाण्यात जमा!)

बोल्टच्या रायफलीत दांडा हाताने उचलून मागे ओढताच रिकामे काडतूस बाहेर पडते व पुढे लोटताच नवे आत बसते; माउझरची १८९८ ची रचना या जातीची आदर्श मानली जाते. अर्धस्वयंचलित रायफलीत हेच काम दारूच्या स्फोटाचा वायू किंवा बंदुकीचा धक्का करतो, चाप मात्र दर बारास ओढावाच लागतो. वेग वाढतो हे खरे. परंतु हलणारे भागही वाढतात, आणि खाऱ्या हवेत जिथे दाराची कडीदेखील गंजते, तिथे निवड करावयाचीच झाली तर मी बोल्टच्याच बाजूने कौल देईन.