खाशाबांना हरवणारा ज्युदोपटू

मुलांनो, खाशाबा जाधव हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे पैलवान. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत ब्राँझपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. इथे नाशिकला आमच्या चौथीच्या वर्गात ही गोष्ट सांगत होते, तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, मग सोन्याचं कुणाला मिळालं?" खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं! म्हणून शोधायला बसले.

ते मिळालं जपानच्या शोहाची इशी यांना. आणि गंमत बघा, हे इशी मुळात कुस्तीगीर नव्हतेच. ते होते ज्युदोपटू!

ज्युदो म्हणजे काय, ते आधी पाहू. जपानमध्ये जुजुत्सू नावाची जुनी युद्धकला होती. तिच्यातले जीवघेणे डाव बाजूला ठेवून जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ मध्ये ज्युदो तयार केला. नावाचा अर्थच 'मृदू मार्ग'. समोरचा ढकलतो आहे ना? मग आपण उलट ढकलायचं नाही. किंचित मागे सरायचं, म्हणजे त्याचा तोल पुढे जातो. तेवढ्यात कंबर खाली घालून त्याला उचलायचं की तो आपल्याच जोराने गादीवर! ज्युदोत पहिले काही दिवस तर नुसतं पडायलाच शिकवतात. (घरी भावंडांवर प्रयोग करू नका बरं का.)

इशी आणि खाशाबा, दोघांचाही जन्म १९२६ चा. इशी तरुण होते तेव्हा जपान दुसऱ्या महायुद्धात हरला. अमेरिकी सैन्याच्या ताब्यात देश गेला आणि १९४५ मध्ये शाळा-कॉलेजांतल्या ज्युदोवर बंदी आली. ही लढाऊ वृत्ती वाढवणारी विद्या आहे, असं त्यांचं म्हणणं. लहानपणापासून ज्या खेळासाठी घाम गाळला, तोच बंद! इशींनी मग कुस्ती धरली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला बोलावणंच नव्हतं.

खाशाबा मात्र लंडनला गेले होते. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला मदत केली. पण त्यांची सगळी कुस्ती तांबड्या मातीतली, आणि तिथे होती गादी! माती पाय धरून ठेवते, गादीवर सगळं झटपट चालतं. नियमही वेगळे. तरी ते सहावे आले.

चार वर्षांनी पुन्हा पैशांची अडचण. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी चक्क आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी! मी स्वतः शिक्षिका आहे, पण हे वाचून क्षणभर गप्पच झाले.

हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. त्यांचा हुकमी डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला फेकायचं. ज्युदोतही याच जातीचे डाव आहेत. म्हणजे इशींना हा प्रकार नवा नसणार! दोघांची कुस्ती लांबली, पंधरा मिनिटं चालली. कुणी चीतपट झालं नाही. गुणांवर इशी जिंकले.

खाशाबा दमून गेले होते. मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव्हशी लढायला बोलावलं. आपल्या बाजूने भांडायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. खाशाबा हरले. मला विचाराल तर इशींकडून झालेली हार सरळ होती, ही दुसरी मात्र मनाला लागते.

इशींचं सुवर्ण हे जपानचं त्या ऑलिंपिकमधलं एकुलतं एक. त्यांचा लाडका ज्युदो ऑलिंपिकमध्ये यायला मात्र १९६४ साल उजाडलं. तोवर इशी अडतीस वर्षांचे झाले होते! १९८० मध्ये ते वारले. खाशाबा पुढे पोलीस खात्यात गेले, १९८४ मध्ये अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणानंतर.

पण हेलसिंकीहून परतले तो दिवस काय वर्णावा! कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपली आणि खाशाबा पुन्हा कामाला लागले. कुस्त्यांचे सामने भरवले, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशांतून खर्डेकर सरांचं घर सोडवून दिलं.