सगळ्यांच्या मागे एक माणूस

जर्सी हे बेट इंग्लंडपेक्षा फ्रान्सला जवळ. नऊ मैल लांब, पाच मैल रुंद. साताऱ्याहून निघून लिंबला पोचेपर्यंत संपेल एवढंच. वस्ती लाखभर. लेक इथल्या रुग्णालयात नर्स आहे, म्हणून उन्हाळ्यात आमचा मुक्काम तिच्याकडे. इथे दर शनिवारी सकाळी नऊला ले केनव्हेच्या मैदानावर पाच किलोमीटरची ‘पार्करन’ होते. मी जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली, तालुका-जिल्ह्याच्या शर्यती घेतल्या. पण प्रमुख पाहुणे, हारतुरे आणि बक्षीस समारंभ यांच्याशिवाय धावण्याचा कार्यक्रम नीट पार पडतो, हे पहिल्यांदा इथे पाहिलं.

या उपक्रमाची सुरुवात लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ रोजी झाली. पॉल सिंटन-ह्यूइट या धावपटूला दुखापतीमुळे पळता येत नव्हतं, पण पळणाऱ्या मित्रांची संगत सुटू नये असं वाटत होतं. त्याने वेळ मोजायचं काम अंगावर घेतलं. त्या दिवशी तेरा जण धावले. क्रमांकाचे बिल्ले म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर वापरले. आज वीसहून जास्त देशांत पार्करन होते आणि पैसे कुठेच घेत नाहीत.

पद्धत सोपी आहे. संगणकावर एकदाच नाव नोंदवायचं, मिळालेला बारकोड जवळ ठेवायचा. शेवटच्या रेषेवर एक जण घड्याळाचं बटण दाबतो, दुसरा क्रमांकाचा बिल्ला हातात देतो, तिसरा आपला बारकोड आणि बिल्ला दोन्ही स्कॅन करतो. बिल्ला परत टाकला की काम झालं. दुपारपर्यंत आपली वेळ ई-मेलवर हजर. ही सगळी माणसं बिनपगारी, अंगात चमकदार जाकीट घातलेली.

जर्सीची वाट मला फार आवडते. मैदानातून निघून ती जुन्या रेल्वेमार्गाला लागते. सेंट हेलियर ते कॉर्बिएर अशी छोटी गाडी इथून धावायची. १९३६ साली ती बंद पडली आणि रुळांच्या जागी चालण्याची वाट झाली. कॉर्बिएरकडे जाताना उतार, परतताना चढ. आगगाडीसाठी आखलेला चढ असल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही, पोटऱ्यांना मात्र लगेच कळतो. जाताना उधळलेली तरणी पोरं येताना दमतात, आणि सुरुवातीपासून बेतानं पळणाऱ्या आज्या त्यांना मागे टाकतात.

खरी शिकण्यासारखी गोष्ट सगळ्यांच्या मागे असते. प्रत्येक पार्करनमध्ये एक स्वयंसेवक मुद्दाम शेवटी चालतो. त्यामुळे शेवटचा क्रमांक कायम त्याचा. दुसऱ्या कोणावर ती पाळी येतच नाही. आमच्या शर्यतीत शेवटचं पोर येईपर्यंत मंडपाचे बांबू निघालेले असायचे. इथे गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेले, बाबागाडी ढकलणारे, नुसते चालणारे, सगळे निर्धास्त येतात. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सने २०१८ पासून डॉक्टरांना रुग्णांना पार्करन सुचवायला उत्तेजन दिलं, ते याच कारणाने.

बेट लहान, त्यामुळे माणसं फिरून फिरून तीच. गेल्या शनिवारी धावलेली बाई या शनिवारी वळणावर उभी राहून टाळ्या वाजवते, घड्याळवाला पुढच्या खेपेला पळतो. मीही गुडघे सांभाळून बिल्ले वाटतो. इंग्रजी माझं जेमतेम, पण दमलेल्या माणसाच्या हातात बिल्ला ठेवून “वेल डन” म्हणायला तेवढं पुरतं. या कामामुळे ओळखी झाल्या. बाजारात माणसं हाक मारतात.

साताऱ्याची हिल मॅरेथॉन देशभर गाजते, पण ती वर्षातून एकदा. दर आठवड्याला पळायचं तर मंडप, टी-शर्ट, पदकं यातलं काहीच लागत नाही. वाहनं नसलेली वाट, एक स्टॉपवॉच, क्रमांक टाकलेले वॉशर आणि वेळेवर येणारी सात-आठ माणसं पुरेत. निवृत्त मंडळी, हे आपल्या गावात आपणच सुरू करू शकतो. आणि सुरू कराल तेव्हा सगळ्यात मागे कोण चालणार, हे आधी ठरवा.