पतंग रात्री उडतो, फाईल दिवसा

तेलगावला बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. गाळप हंगामात साखर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांनी ही चौफुली भरून जाते. अशा चौफुलीवर कृषी सेवा केंद्र असायचंच. तिथे काउंटरवर एक शेतकरी पिशवीतून मक्याचं उपटलेलं ताट काढून ठेवतो. पोंग्यात ओल्या भुशासारखी विष्ठा, पानांना ओळीने भोकं.

"ह्याला कोणतं औषध मारावं?"

"लष्करी आहे ही. दिवस मावळताना मारा, अन् पोंग्यात गेलं पाहिजे."

विषाला 'औषध' म्हणणारी आपली भाषा आहे. त्याच वेळी एन्ड्रीन आणि फॉलिडॉल ही कीटकनाशकांची नावं गावोगावी आत्महत्येसाठी वापरणारीही तीच. असो. मला त्या संवादात रस नाही, बाटलीबरोबर येणाऱ्या घडीच्या कागदात आहे. अंगठ्याएवढी घडी उलगडत गेली की हातभर होते. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत एक तक्ता असतो: पीक, कीड, मात्रा, पाणी, आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं. या तक्त्यात ज्या पिकाचं आणि किडीचं नाव जोडीने छापलंय, तेवढ्यालाच 'लेबल क्लेम' म्हणतात. कपाशीच्या अळीसाठी मंजूर असलेलं औषध मक्याच्या अळीवर गुण देईलही, पण तक्त्यात ती ओळ नसेल तर सरकारला त्याची शिफारस करता येत नाही. हा नुसता हट्ट नाही. तोच रेणू मक्याच्या दाण्यात, कोबीच्या पानात आणि द्राक्षाच्या सालीवर वेगवेगळा टिकतो. म्हणून एका ओळीसाठी वेगवेगळ्या हवामानात, एकाहून अधिक हंगाम चाचण्या घ्याव्या लागतात, उर्वरित अंश मोजावे लागतात, आणि मग कागद फरिदाबादला नोंदणी समितीपुढे जातात.

या सगळ्या काटेकोरपणाचं मूळ पिठाच्या पोत्यांत आहे. १९५८ मध्ये केरळात फॉलिडॉलने दूषित झालेलं गव्हाचं पीठ लोकांच्या पोटात गेलं आणि शंभरावर माणसं दगावली. धान्य आणि विष एकाच जहाजातून आलं होतं. चौकशी आयोगाचे प्रमुख मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह होते. पुढे दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा आला.

आता पलीकडची बाजू बघा. अमेरिका खंडातली ही लष्करी अळी २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत दिसली. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याच्या बाजूला सापडली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या मक्यावर. पुढे पश्चिम महाराष्ट्रात ती उसातही शिरली. हिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. शिवमोग्गा ते सोलापूर सरळ रेषेत चारशेच्या आसपास, म्हणजे कागदावर चार-पाच रात्रींचा प्रवास. मादी आयुष्यात हजार-दीड हजार अंडी घालते, पुंजक्यापुंजक्याने, आणि त्यांवर स्वतःच्या अंगाची लव पांघरते. अळीच्या कपाळावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीच्या बाजूला चौकोनात चार ठिपके. एकदा बघितली की विसरत नाही. पोंग्यात दोघी भेटल्या तर एक दुसरीला खाते.

पतंगाला फरिदाबाद ठाऊक नाही. तो आला तेव्हा देशात एकाही बाटलीच्या तक्त्यात 'मका – अमेरिकन लष्करी अळी' ही जोडी नव्हती, कारण ती कीडच देशात नव्हती. दुकानाच्या फळीवर रेणू होते, ओळ नव्हती. तेव्हा जी वाट काढली गेली ती तात्पुरत्या, म्हणजे सरकारी बोलीत 'ॲडहॉक' मंजुरीची. क्लोरअँट्रानिलीप्रोल, स्पिनेटोरम, थायामेथोक्झाम व लॅम्बडा सायहॅलोथ्रीनचं मिश्रण अशा आधीच ओळखीच्या औषधांना या अळीसाठी वापरायची मुभा मिळाली. आणीबाणीची मंजुरी म्हटली की आपल्याला वाटतं, कुठलं तरी नवं जहाल विष घाईघाईत मोकळं सोडलं. इथे जुन्या बाटलीला एक नवी ओळ मिळाली, इतकंच.

त्या जुन्या बाटल्यांतही गंमत आहे. क्लोरअँट्रानिलीप्रोल अळीच्या स्नायूंमधल्या कॅल्शियमचे दरवाजे उघडे ठेवतं. साठा गळून जातो, अळी लुळी पडते, खाणं थांबतं. स्पिनेटोरमचं घराणं तर तेलगावकरांना जवळचं वाटावं असं. ज्या जिवाणूपासून ते आलं तो १९८२ मध्ये कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांवर, बंद पडलेल्या साखर कारखान्यातल्या रमच्या भट्टीतल्या मातीत सापडला होता. मळीचा वास आला की मला आता तो जिवाणू आठवतो.

साखरेवरूनच आणखी एक. इंग्लंडमध्ये साखर बीटपासून होते. बीटवर मावा रोग पसरवतो आणि त्यावर चालणारं थायामेथोक्झाम मधमाश्यांपायी तिथे शेतात वापरायला बंद. २०२१ मध्ये सरकारने आणीबाणीची परवानगी दिली, पण अट घातली: हिवाळ्यानंतरचा अंदाज ठरावीक धोक्याच्या वर गेला तरच. त्या वर्षी कडाक्याची थंडी पडली, मावा गारठला, आणि परवानगी हातात असून कुणी औषध वापरलं नाही. परवानगीला थंडीची अट! मला ही कल्पना फार आवडते. पुढच्या वर्षी मात्र अंदाज वर गेला आणि वापर झाला.

घाईत 'हो' म्हणता येतं तसं घाईत 'नाही'ही म्हणता येतं. आपल्या कायद्याच्या कलम २७ नुसार सार्वजनिक सुरक्षिततेसाठी राज्य सरकार एखाद्या औषधाची विक्री ६० दिवस थांबवू शकतं, वाढवून आणखी ३०. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कपाशी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, फवारा अंगावर येत होता. नोव्हेंबरात विदर्भातल्या काही जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर ६० दिवसांची बंदी आली. नोव्हेंबरात! तेव्हा कपाशी वेचणीला आलेली असते. त्या पाचांतल्या ३६ टक्के मोनोक्रोटोफॉसवर केंद्राची कायमची बंदी २०२३ मध्ये आली. साठ दिवसांचं 'नाही' पक्कं व्हायला सहा वर्षं गेली, आणि हा हिशेब मला त्या अळीच्या वेगापेक्षा जास्त चक्रावून टाकतो.

काही तात्पुरत्या मंजुऱ्या मात्र अख्खी पद्धत बदलून टाकतात. मे २०२० मध्ये टोळधाड राजस्थान-मध्य प्रदेशातून अमरावती-नागपूरपर्यंत आली, तेव्हा ड्रोनने औषध फवारायला केंद्राने सशर्त सूट दिली. एप्रिल २०२२ मध्ये नोंदणी असलेल्या ४७७ कीडनाशकांना ड्रोनसाठी दोन वर्षांची अंतरिम मंजुरी मिळाली. दोन पुरुष उंचीच्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरून बघा, म्हणजे टोळांच्या निमित्ताने उघडलेलं हे दार ऊसवाल्याला केवढं मोठं वाटत असेल ते कळेल.

काउंटरवर बाटलीचे पैसे दिले जातात. बाटली पिशवीत जाते, घडीचा कागद तिथेच राहतो. दुकानदार तो उलगडतो, ताटातून बाहेर आलेली अळी त्यात गुंडाळतो आणि बाहेर टाकतो. 'मका – लष्करी अळी' ही ओळ त्यावर आता छापलेली आहे.