सुपारीचा बाजार आणि औषधाचा बाजार

आमच्या रेवदंड्यास सुपारीचा हंगाम आला की वाडीवाल्यांच्या दारी व्यापाऱ्यांच्या खेपा सुरू होतात. एकाचा भाव न पटला तर दुसऱ्यास बोलवावे. तोही न पटला तर माल माळ्यावर टाकून महिनाभर स्वस्थ बसावे. या चढाओढीत आमचे हित होते, हे कबूल करण्यास आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही. हाच न्याय वैद्यकास लावावा, रुग्णालयांत स्पर्धा वाढली की उपचार आपोआप स्वस्त होतील, असे म्हणणारे सुशिक्षित गृहस्थ पुष्कळ भेटतात. आमच्या घरी पंक्तीस हा वाद अनेकदा रंगला आहे.

परंतु थोरल्या काकांच्या छातीत मध्यरात्री कळ आली, तेव्हा वाद जागच्या जागी थांबला. अलिबाग गाठेपर्यंत भाव विचारण्याचे कोणास सुचले नाही. पुढे मुंबईस, हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवावयाच्या स्टेंटचे तीन प्रकार व तीन किमती आमच्यासमोर ठेवण्यात आल्या, तेव्हा घरातील दोघे पदवीधर एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. अखेर "डॉक्टरसाहेब, आपणांस योग्य वाटेल ते करा," एवढे म्हणून आम्ही मोकळे झालो. नारळ कानाशी हालवून पाहता येतो. स्टेंटचे काय हालवून पाहणार?

येथे निवडणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा. साहजिकच विक्रेत्यांची चढाओढ रोग्यास स्वस्त देण्याची न राहता निवडणाऱ्याची मर्जी संपादण्याची होऊन बसते. दाखला दूरचा नको, आमच्याच रायगड जिल्ह्यातला आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी एका रुग्णास एम.आर.आय. तपासणीसाठी पाठविले असता, २०१३ साली त्यांच्याकडे तपासणी केंद्राचा १,२०० रुपयांचा धनादेश येऊन पडला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे रीतसर तक्रार नोंदविली. हे १,२०० रुपये शेवटी कोणाच्या खिशातून यावयाचे, हे वाचकांनीच ताडावे!

हेच डॉक्टर १९७६ साली बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रात रुजू झाले होते. तांबड्या विंचवाच्या जहरी दंशाने त्या काळी इस्पितळात आलेल्या शंभरांतील २५ ते ३० रुग्ण दगावत. बावस्करांनी रक्तदाबावरील प्राझोसिन ही जुनी, स्वस्त गोळी त्यावर योजिली आणि मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आणिले. वाडीत सोडणांचा ढीग उपसणाऱ्या गड्यास या गोळीचे मोल विचारावे. तिच्यावर मोठा नफा होण्याजोगा नाही. बाजाराने ती शोधून काढण्याची वाट पाहत बसलो असतो, तर किती घरे बसली असती कोण जाणे.

२०१७ च्या फेब्रुवारीत सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत, कर वगळून, २९,६०० रुपये ठरविली. काकांचा स्टेंट त्यापूर्वीचा, लाखाच्या वरचा. ती बातमी आली त्या दिवशी काकांनी पेटीतले जुने बिल काढून, चष्मा लावून दोनदा वाचिले आणि अडकित्ता हाती घेत विचारले, "मग वरचे कोणाच्या वाडीत गेले रे?"